अंथरुणाला वाफसा हवा

पत्र

‘माझा मुलगा गेल्या वर्षी पुण्याला शिकायला गेला आणि त्याचा पाळलेला साप, बॉल पायथन, परभणीत माझ्याकडे राहिला. गोटू त्याचं नाव. दोन वर्षांचा आहे, तीन फुटांच्या आसपास. सरकारच्या परिवेश पोर्टलवर मुलानं रीतसर नोंद केलेली आहे. आधी मी त्या खोलीत जातही नव्हते, आता सकाळी उठल्यावर पहिल्यांदा त्याचं पाणी बदलते. काचेची पेटी तीन फूट बाय दीड फूट आहे. मुलानं अंथरायला आणून ठेवलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) मार्चमध्ये संपलं. शेजारच्या सुताराकडून भुसा आणून घातला. या वेळी कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली आणि डाव्या डोळ्यावर पातळ पापुद्रा राहिल्यासारखा दिसतो. आमचं शेत गंगाखेडजवळ आहे. सोयाबीनचं भुस्कट, उसाचं पाचट भरपूर पडलेलं असतं, ते चालेल का? सासूबाई म्हणतात, साप आहे तर वारुळाची माती आणून टाक आणि वर कडुनिंबाचा पाला पसर, किडा-मुंगी होणार नाही. विकतचं सारखं आणणं परवडत नाही. नैसर्गिक आणि घरचं असं काय घालता येईल?’

— एक आई, परभणी

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचून आधी बरं वाटलं. ज्या प्राण्याची भीती वाटत होती त्याच्या कातीचे तुकडे तुम्ही नीट पाहिलेत, डोळ्यावरचा पापुद्राही तुमच्या नजरेतून सुटला नाही. जनावरांचा दवाखाना चालवताना मला रोज दिसतं, की अशी नजर असलेल्या घरातला प्राणी निम्मा तिथंच सुरक्षित असतो.

नोंदीचा उल्लेख तुम्ही आपणहून केलात तेही चांगलं झालं. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ च्या नियमांनी बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांची नोंद सक्तीची केली. हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक वाक्य जोडते. आपल्याकडची धामण, कवड्या, मांडूळ, अजगर यांपैकी कुठलाही साप घरात ठेवणं गुन्हा आहे, मग अंथरूण कितीही चांगलं घाला. असा साप कुणाकडे असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आता डोळा. तो पापुद्रा चिमट्यानं, नखानं किंवा चिकटपट्टीनं काढायला जाऊ नका. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो. जुन्याखाली नवा खवला असतो. ओढताना तोही निघाला तर डोळा जाऊ शकतो. एका हवेशीर डब्यात कोमट पाण्यात भिजवून पिळलेला सुती टॉवेल ठेवा आणि गोटूला त्यात अर्धा-पाऊण तास राहू द्या, तुम्ही शेजारीच बसा. पाणी मनगटाला ना गार लागावं ना गरम. दोन-तीन दिवस असं करून पापुद्रा सुटला नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, नाकाशी बुडबुडे किंवा उघडं तोंड यांतलं काही दिसलं, तर दोन दिवसही थांबू नका.

सुताराचा भुसा आजच काढा. त्याच्या दुकानात एका दिवसात पाइनच्या पेट्या, देवदार, साग, प्लायवूड असं सगळंच करवतीखाली जातं. पाइन आणि देवदारातलं सुगंधी तेल सापाच्या श्वासाला घातक असतं, देवदाराचं जास्तच. प्लायवूडच्या भुशात डिंक असतो, त्यातून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू सुटतो. शिवाय बारीक धूळ. गोटूची नाकपुडी अंथरुणापासून जेमतेम बोटभर वर असते आणि जीभ तर सतत त्यावरून फिरत असते. तुमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारी हवेतला ओलावा वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरतो. कोरडा भुसा उरलासुरला ओलावाही शोषून घेतो. कात तुटायचं मुख्य कारण मला तेच दिसतं.

नवं अंथरूण तयार होईपर्यंत साधा वर्तमानपत्राचा कागद किंवा पांढरा टिश्यू पेपर घाला. दिसायला काही नाही, पण आजारी किंवा नव्यानं आणलेल्या सापाला मीही तेच घालते. विष्ठा, रक्त, अंगावरचे बारीक किडे, सगळं त्यावर लगेच दिसतं.

शेतातल्या मालाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण ‘नैसर्गिक’ या शब्दानं भलेभले फसतात. शेतात उगवलं म्हणजे नैसर्गिक, हे माणसाच्या बोलण्यापुरतं ठीक आहे. सापाच्या बाबतीत एकच प्रश्न विचारायचा, की यावर काय काय फवारलं होतं? सोयाबीनवर तणनाशक पडतं, मग अळीची औषधं पडतात. कपाशीच्या फवारण्या तर मोजायलाच नकोत. भुस्कट, तुराट्या, पऱ्हाट्या यांच्यावर त्यातलं किती उरलं हे डोळ्यांना दिसत नाही. म्हैस ते भुस्कट खाऊन रवंथ करते म्हणून सापाला चालेल, असा हिशेब मांडू नका. गोटूचं वजन किलो-सव्वा किलो असेल आणि तो चोवीस तास त्यावर पोट टेकून पडलेला असतो. सोयाबीनच्या काड्या टोकदारही असतात, पोटाच्या खवल्यांच्या फटीत रुततात.

पाचटाची टोकं आणि कडा धारदार असतात, म्हणून तेही नको. उसाचा चोथा मऊ असतो, पण त्यात साखर राहते आणि ओल लागली की तो आंबतो, त्याला बुरशी येते. बुरशीच्या चोथ्याच्या धुळीनं साखर कारखान्यातल्या माणसांनासुद्धा फुप्फुसाचा आजार होतो. गव्हाचा भुसा आणि शेंगांची टरफलं यांनाही ओल सोसत नाही. कूलरच्या पॅडमधलं लाकडी गवत बऱ्याच जणांना सुचतं, पण ते कुठल्या लाकडाचं आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. वाळा आपल्याला गोड वाटतो, पण इतक्या जवळून इतका वास सापाला नको.

याच कारणासाठी कडुनिंबाचा पालाही नको. सासूबाईंचं म्हणणं कुठून आलं ते मला कळतं. कणगीत ज्वारीला कडुनिंबाचा पाला घालून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या धान्य राखलं गेलं. पण ज्वारीला श्वास घ्यायचा नसतो. साप जिभेनं वास टिपतो आणि टाळूतल्या इंद्रियाला पोचवतो, त्याचं निम्मं जग वासाचंच आहे. उग्र पाल्यात ठेवलेला साप खाणं सोडतो, कोपऱ्यात तोंड घासत बसतो. निलगिरी, तुळस, गवती चहा, कापूर आणि डांबरगोळ्या हे सगळं याच यादीत धरा. पेटी फिनेलनं पुसू नका आणि त्या खोलीत डासांची कॉइलही लावू नका. पेटी रिकामी करून गरम पाणी आणि थोड्या साबणानं धुवायची, नंतर साबण पूर्ण निघेल असं खळखळून घ्यायचं.

वारुळाबाबत मात्र सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनच्या पट्ट्यातला. तिथं तो उंदरांच्या रिकाम्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दिवस काढतो. बाहेर रखरखाट असला तरी वारुळाच्या आत दमट आणि स्थिर हवा असते. त्यांनी गोटूचं मूळ घर बरोब्बर ओळखलं! तरीही वारूळ फोडून माती आणू नका. त्यात आपला एखादा नाग किंवा धामण असू शकते, वाळवीचं नांदतं घर मोडतं आणि त्या मातीतून किडे-मुंग्या थेट पेटीत येतात. मातीऐवजी वारुळाचा गुण आणूया. ते कसं करायचं ते पुढे सांगते.

आधी अंथरुणाची गोष्ट. तुम्ही शेतकरी घरातल्या, म्हणून मला इथं नवा शब्द शोधावा लागत नाही. अंथरुणाला *वाफसा* हवा. पेरणीच्या वेळी माती चिखलही नसते आणि फुफाटाही नसते, पायाला चिकटत नाही पण मुठीत धरली तर गोळा होतो. गोटूच्या अंथरुणाचा खालचा थर कायम तसा हवा आणि वरचं बोटभर कोरडं हवं. खालून ओल हळूहळू वर येते आणि पेटीतली हवा दमट ठेवते, पोट मात्र कोरड्यावर टेकतं. वरचा थर ओला राहिला तर पोटाचे खवले लालसर होऊन कुजायला लागतात. तळ कोरडा पडला तर तुम्ही पाहिलीत तशी कात तुटते.

यासाठी काळी माती अजिबात घेऊ नका, शेत तुमचं असलं तरी. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. ओली असताना खवल्यांना लिंपून बसते, वाळली की ढेकूळ होते. कापसाला तिचा हाच गुण फळतो, पेटीत तोच आड येतो. तलावातला गाळही त्याच जातीचा.

तुमच्या पेटीला दहा सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा तर साधारण चाळीस लिटर माल लागेल. मी असा घेईन: वीस लिटर भिजवलेलं कोकोपीट, दहा लिटर नारळाच्या सोडणाचे जाड तुकडे (रोपवाटिकेत कोको चिप्स म्हणून मिळतात), सात-आठ लिटर खत न मिसळलेली तांबडी माती आणि दोन-तीन लिटर धुतलेली जाड वाळू. नुसतं कोकोपीट सुकलं की धूळ होतं. चिप्समुळे त्यात हवा खेळते आणि मातीमुळे वजन आणि ओल टिकते. वाळू यापेक्षा जास्त नको.

खर्चाचं म्हणाल तर, कोकोपीटच्या दाबलेल्या लहान विटा परत परत विकत घेणंच महाग पडतं. पाच किलोचा एक गठ्ठा घ्या. तो भिजून फुगला की पासष्ट-सत्तर लिटर होतो. तुम्हाला वीस हवेत, म्हणजे उरलेला तुकडा कोरडा ठेवलात तर आणखी दोन वेळा पुरेल.

कोकोपीट धुणं टाळू नका. नारळाच्या सोडणात क्षार असतात, खाऱ्या पाण्यात भिजवलेली सोडणं असतील तर मीठही असतं. जुन्या बादलीत तुकडा भिजत घाला, फुगला की जुन्या सुती साडीच्या पदरात घेऊन पुरणाची डाळ पिळावी तसा पिळा. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं गडद येईल. परत भिजवा, परत पिळा. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला रंग फिकट होतो, तिथं थांबा. पाणी टंचाईचं असेल तर अंगणातल्या झाडाला घाला, पहिलं मात्र नको, त्यात क्षार जास्त असतात. गठ्ठ्यावर ‘खतयुक्त’, ‘पोषक’ असं काही लिहिलेलं असेल तर घेऊच नका. एकदा मी एका रोपवाटिकेतून सुटं कोकोपीट आणलं आणि घाईत न धुताच माझ्या कॉर्न स्नेकला घातलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या पोटावर गुलाबी चट्टे दिसले. अंथरूण परातीत उपसलं तेव्हा त्यात मोहरीएवढे निळसर-पांढरे दाणे सापडले. खत होतं. साप वाचला, पण पोट बरं व्हायला पुढच्या दोन काती लागल्या. तेव्हापासून कुठलंही अंथरूण मी पांढऱ्या कापडावर पसरून, हातानं चाळून मगच घालते. तुम्हीही तसंच करा, तांदूळ निवडायला किती वेळ लागतो तेवढाच लागतो.

तांबडी माती चाळून घ्या. अंगणात चुलीवर जुन्या लोखंडी कढईत थोडी ओलसर करून झाकण ठेवा आणि मंद जाळावर अर्धा तास वाफ येऊ द्या. घरात करू नका, वास सुटतो. मे महिन्यात हात मोकळा असेल तर याहून सोपं आहे. ओलसर माती अंगणात पातळ पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणा आणि चार ते सहा आठवडे तशीच तापू द्या. मराठवाड्याचं ऊन निदान इथं तरी आपल्या कामाचं. बरेच किडे, त्यांची अंडी आणि बुरशी त्यात मरते.

वर वाळक्या पानांचा थर द्या. त्यानं खालची ओल टिकते आणि गोटूला अंगावर काहीतरी असल्याचं सुख मिळतं. देशी बदामाची गळलेली पानं मला सगळ्यांत आवडतात, शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या आवारात हे झाड हमखास असतं. पळसाची पानंही चांगली, मोठी आणि जाड असल्यानं ती लवकर मोडत नाहीत. रस्त्याकडेची, शेताच्या बांधावरची आणि बुरशीचे ठिपके पडलेली पानं सोडून द्या. कण्हेर, रुई आणि घाणेरीचं एकही पान त्यात येऊ देऊ नका, तिन्ही विषारी आहेत. आणलेली पानं उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि कडक उन्हात पापडासारखी वाळवा. फांदी ठेवायची असेल तर पेरूची ठेवा, घासून धुवून वाळवलेली. बाभळीची काट्यांमुळे नको.

आता सासूबाईंचं वारूळ. एक बिनरंगाचं, बिनझिलईचं मातीचं मडकं घ्या. गोटू वेटोळं घालून बसला की त्याचं अंग भिंतीला टेकेल इतकंच मोठं असू द्या. सापाला मोठ्या पोकळीत सुरक्षित वाटत नाही. तोंड लहान असेल तर कुंभाराकडून एका बाजूला त्याच्या अंगाच्या दुप्पट रुंदीचं भोक पाडून घ्या आणि कडा पॉलिश पेपरनं इतक्या घासा की तुमच्या आतल्या मनगटावरून फिरवली तरी ओरखडा उठणार नाही. आत ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं एक शेवाळ) घाला, ऑर्किडची रोपं विकणाऱ्यांकडे तो मिळतो. मडकं अर्धं अंथरुणात पुरा. कच्ची भाजलेली माती पाणी झिरपवत राहते, माठाचंच तत्त्व. माझ्या एका सापानं असं मडकं पेटीत ठेवल्यावर पहिल्या रात्रीच ताबा घेतला आणि कात टाकेपर्यंत त्यातून फक्त तोंड बाहेर काढून बसायचा.

ओल कशी द्यायची, यात बहुतेकांची चूक होते. वरून फवारा मारला की दहा मिनिटं काचेवर थेंब दिसतात आणि समाधान वाटतं, पण भिजतो फक्त वरचा थर. त्याऐवजी तांब्यानं पेटीच्या चारही कोपऱ्यांत, काचेला लागून, हळूहळू पाणी सोडा. ते तळाशी उतरेल. मग एका कोपऱ्यात बोट तळापर्यंत खुपसून चिमूटभर काढा आणि मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटांतून पाणी आलं नाही तर वाफसा आहे. पाणी गळलं तर एक दिवस झाकण थोडं उघडं ठेवा. उन्हाळ्यात असं पाणी आठवड्यातून दोनदा लागेल, पावसाळ्यात कदाचित पंधरा दिवसांतूनही नाही. हवेतला ओलावा मोजणारा एक डिजिटल हायग्रोमीटर घ्या आणि त्याचा सेन्सर अंथरुणापासून चार बोटं वर लावा. आकडा साठ ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान राहिला तर तुमचं गणित जमलं.

उन्हाळ्यात खोलीच तापत असल्यामुळे पेटीच्या गार बाजूचं तापमान पाहत राहा. ती २५ ते २७ अंशांवर हवी, उबदार बाजू ३१-३२ वर. सगळी पेटी पस्तिशीच्या पुढे गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. कूलर खोलीत लावा, वारा मात्र थेट पेटीवर नको. तळाखाली हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) असेल तर इतक्या जाड थराखाली ती वापरू नका, काच तापते आणि वर ऊब पोचत नाही. हिवाळ्यात वरून जाळी लावलेला सिरॅमिक दिवा लावा, थर्मोस्टॅटसकट.

उबदार बाजूला शहाबादी फरशीचा एक तुकडा बसवा. ती ऊब धरते, आणि उंदीर त्यावरच ठेवलात तर घास गिळताना अंथरुणाचे गोळे पोटात जात नाहीत. एखाद-दुसरी काडी गेली तर घाबरू नका, विष्ठेतून निघून जाते.

विष्ठा दिसली की आजूबाजूच्या ओंजळभर मालासकट लगेच काढा. दोन-तीन महिन्यांनी सगळं बदला. अंथरुणाला आंबूस वास येऊ लागला तर महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी काढा. काढलेला माल बागेत खुशाल टाका, पण भाजीच्या वाफ्यात नको, सापाच्या विष्ठेत माणसाला आजारी पाडणारा साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो. प्रत्येक वेळी हात साबणानं धुवा, सासूबाईंनाही सांगा.

नवं अंथरूण घालून पेटी एक दिवस रिकामी ठेवा, ओलावा आणि तापमान हे दोन्ही आकडे स्थिर झाले की गोटूला सोडा. पहिले दोन-तीन दिवस तो खालीच घुसून राहील, दिसणार नाही. उकरून काढू नका. पुढच्या वेळी त्याचे डोळे निळसर-दुधी झाले, अंग निस्तेज पडलं, की तो कातीला आला असं समजा. मडक्यातला मॉस ताजा ओला करा, त्याला हात लावू नका, खायला देऊ नका. कात पायमोजा उलटा काढावा तशी सलग निघायला हवी. निघाली की खिडकीच्या उजेडात धरा, डोक्याच्या भागात डोळ्यांच्या दोन गोल, स्वच्छ टिकल्या आणि दुसऱ्या टोकाला शेपटीचं अणकुचीदार टोक शाबूत आहे का ते पाहा, आणि तिचा फोटो मुलाला पाठवा.